अढी

मुनीरच्या दुकानात भिंतीवर अकरा घड्याळं,
अकरा वेळा दाखवतात.
त्यातली एकही निकोबारची नाही.
काउंटरच्या काचेवर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर चिमटा, एकावर सेलचा डबा, एकावर कप,
चौथ्यावर माझा अंगठा.
तो उचलला की अख्खा बंगालचा उपसागर
गुंडाळी होऊन चेन्नईकडं सरकतो.

वसमतहून पूर्णा. तिथून नांदेड, मग रात्रभर गाडी.
मग बोट, तीन दिवस. मग दुसरी बोट,
तिची तारीख कुणालाच माहीत नाही.
"सरकारी हाय," मुनीर म्हणतो, "सुटंल तवा सुटंल."
छत्तीस वर्षं लाईनमन होतो मी,
हे वाक्य मला पाठ आहे.

पाखरं मी खांबावर शिकलो.
झुला बांधून वर गेलेल्या माणसाला
कोतवाल माणसात धरत नाही.
हट्टा फिडर बंद ठेवून वेडे राघू मोजत बसलो
म्हणून एकदा मेमो मिळाला.
तो जपून ठेवलाय,
माझ्या यादीतली ती पहिली लेखी नोंद.

समुद्र मी बघितला नाही.
सगळ्यात मोठं पाणी बघितलं ते सिद्धेश्वरचं धरण,
तिथं थंडीत चक्रवाक उतरतात, जोडीजोडीनं,
आणि पलीकडचा काठ दिसतो.
मुनीरनं बघितलाय, हजला जाताना, विमानातून.
"कसा होता?"
"रात्र होती. काळं होतं."
एवढ्या अनुभवावर
आम्ही ओकारीच्या गोळ्या किती घ्यायच्या ते ठरवतो.

आणि हे सगळं एका तपकिरी, कोंबडीएवढ्या पाखरासाठी.
मेगापोड. मराठीत काय म्हणतात, आम्हाला सापडलं नाही.
ते अंड्यावर बसत नाही.
किनाऱ्याच्या झाडीत वाळू, पाला, कुजकं लाकूड ओढून
माणूसभर उंच ढीग रचतं, आत अंडी पुरतं,
कुजण्याची ऊब अंडी उबवते.
ढीग तापला की उकरायचा, निवला की लोटायचा.

प्रयागला सांगितलं.
ती हळद निवडत होती, कोपरापर्यंत पिवळी.
"म्हंजे उकिरडाच की वो."
मग जरा थांबून,
"न्हाई. अढी."

त्याच आठवड्यात माजघरात अढी घातलेली,
तिच्या भावानं पाठवलेले शेपू आंबे, गवतात.
मुनीरनं खिशातून तापाची नळी काढली, आत खुपसली,
दोघं घड्याळाकडं बघत बसलो.
पारा हलला नाही.
पस्तिसाच्या खाली ती नळी बोलतच नाही,
हे दोन शहाण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.
प्रयागनं आमच्या मधून हात घातला,
मनगटापर्यंत, डोळे मिटून,
जसं ते पाखरू चोच घालत असेल.
"आजून दोन दिस," म्हणाली,
आणि गवत परत लोटलं.

खर्च वहीत दोनदा मांडला, दोनदा वेगळा आला.
परवान्याच्या अर्जात नावाच्या तीन ओळी.
दोन भरल्या.
तिसरी मुनीरनं पट्टी लावून खोडायला घेतली
तेव्हा ती चहा घेऊन उभी होती.
"पिल्लू निघाल्यावर आईबाप काय करत्यात?"

आम्ही वाचलेलं सगळं सांगितलं.
पिल्लाला कुणी बाहेर काढत नाही,
ते आपलं आपण उकरत वर येतं, उन्हात डोळे मिचकावतं,
झाडीत पळतं. मागं वळून बघत नाही.
पंख आधीच फुटलेले असतात.

"ते कळलं. ढिगापाशी कोण ऱ्हातं?
का रिकामाच उकरत बसत्यात?"

मुनीरनं माझ्याकडं बघितलं.
कुठंच लिहिलेलं नव्हतं ते.
भिंतीवरच्या एका घड्याळानं चारचे टोले दिले,
तेव्हा वाजले होते सव्वाअकरा.

"तितं जाऊनच बघावं लागंल," प्रयाग म्हणाली,
कप नकाशावर ठेवला, नेमका समुद्रात,
आणि पदराला हात पुसून
पेन मागितलं.